ग्लायडर सदतीस मीटरच्या वर का जात नाही?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

“मी दीड मीटर पंखांचा, गिरकी घेऊन, पंखाच्या टोकाला धरून हाताने फेकायचा आरसी (रेडिओ-नियंत्रित) ग्लायडर उडवतो. मॉडेलचं वजन २७० ग्रॅम, फेकतो उजव्या हाताने. उंची मोजणारा अल्टिमीटर बसवल्यापासून मन खट्टू झालं आहे. कधी २८ मीटर, कधी ३७, बहुतेक वेळा ३२. माझ्याबरोबर उडवणारी एक मुलगी अंगकाठीने माझ्या निम्मी आहे आणि ती सहज ५० मीटर गाठते. मी जिम लावली, जोर वाढवला, तर उंची आहे तिथेच राहिली आणि खांदा मात्र दुखायला लागला. हातातून सुटल्यावर ग्लायडरची शेपटी वळवळते आणि तो डावीकडे झुकतो. दोन गिरक्या घेऊन पाहू का? की सरळ हलकं मॉडेल घेऊ?”

नमस्कार,

आधी खांद्याचं बोलू. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत एकही फेक करू नका. गिरकीच्या शेवटी ग्लायडर तुमच्या बोटांना किती ओढतो ते बघा. मॉडेल २७० ग्रॅमचं, सुटतानाचा वेग सेकंदाला ३० मीटर, आणि तुमच्या अंगाच्या मध्यापासून फ्युजलाजपर्यंतचं (ग्लायडरच्या मधल्या धडापर्यंतचं) अंतर, म्हणजे हात आणि अर्धा पंख मिळून, साधारण १.६५ मीटर. यातून निघणारी ओढ जवळपास १५ किलो वजनाइतकी होते, आणि ती लांब ताणलेल्या हातावर, क्षणार्धात येते. दुखऱ्या खांद्याला हे परत परत सोसायला लावलं तर छंद कायमचा सुटू शकतो. विश्रांतीने फरक पडत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि ‘फेकताना नेमकं कुठल्या क्षणी दुखतं’ हे त्यांना करून दाखवा. तोवर तुम्हाला करायला भरपूर काम देतो. त्यातलं बरंचसं मैदानावर न जाता करण्यासारखं आहे, आणि पत्र वाचून माझा कयास असा की तुमच्या हरवलेल्या उंचीचा मोठा वाटा तिथेच सापडेल.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात बोलका वाटला तो २८ ते ३७ हा पल्ला. माणूस तोच, मॉडेल तेच, आणि फरक नऊ मीटरचा. अंगातली ताकद एका फेकीपासून दुसऱ्या फेकीपर्यंत इतकी कमीजास्त होत नाही. म्हणजे ताकद तुमच्यात आहेच. ती दर वेळी वेगवेगळ्या वाटेने गळते आहे. म्हणून ‘५० कसे गाठू’ हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवा आणि ‘दर वेळी ३७ कसे येतील’ इथून सुरुवात करा. स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं. एफ३के या हाताने फेकायच्या ग्लायडरच्या स्पर्धाप्रकारात १० मिनिटांच्या वेळात १, २, ३ आणि ४ मिनिटांची चार उड्डाणं बसवायचा एक टास्क असतो. तिथे एक भन्नाट फेक आणि तीन फसलेल्या फेकी असा हिशेब चालत नाही.

आता थोडं गणित, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. हवेचा विरोध क्षणभर विसरलो तर सुटतानाच्या वेगाचा वर्ग करून २० ने भागलं की मीटरमधली उंची मिळते. सेकंदाला २५ मीटर वेग असेल तर ३१ मीटर, ३० असेल तर ४५, ३५ असेल तर ६१. वेग थोडा वाढला तरी उंची भराभर वाढते, हे या आकड्यांतून दिसतं आणि म्हणूनच सगळे जोराच्या मागे लागतात. पण हवेचा विरोधही वेगाच्या वर्गानेच वाढतो. तुमचा ग्लायडर एरवी सेकंदाला सात मीटरने तरंगत असेल आणि हातातून २८ ने सुटला, तर वेग चौपट पण विरोध सोळापट. अगदी नीट, सरळ वर गेलेल्या मॉडेललाही ३० च्या वेगाला साधारण पाचवा हिस्सा हवेला द्यावा लागतो, आणि वेग वाढेल तसा हा हिस्साही वाढतो. तुमच्या मैत्रिणीच्या ५० मीटरला कागदावर ३२ चा वेग पुरेल असं वाटतं. शांत हवेत प्रत्यक्षात ३६-३७ लागत असणार.

या हिशेबातून एक फार कामाची गोष्ट हाती लागते. उंची कमी येण्याची कारणं दोनच: वेग कमी, किंवा वेग पुरेसा पण चढताना वाया गेलेला. यातलं तुमचं कुठलं, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं. खांदा बरा झाल्यावर मोबाइल स्टँडवर लावून फेकण्याच्या दिशेच्या काटकोनात, बराच लांब ठेवा. त्याच्याजवळ कुणालाही उभं करू नका. ताशी शंभर किलोमीटरने सुटणारी वस्तू चुकीच्या क्षणी सुटली तर कुठे जाईल याचा नेम नाही. घरी येऊन व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. ग्लायडर हातातून सुटल्यावर स्वतःच्या लांबीइतकं अंतर दोनदा कापायला त्याला किती फ्रेम लागल्या ते मोजा. नाकापासून शेपटीपर्यंत लांबी एक मीटर असेल आणि दोन लांब्यांना १६ फ्रेम लागल्या, तर वेग सेकंदाला ३० मीटर. २० लागल्या तर २४. एकाच फेकीवर भरवसा ठेवू नका. पाच-सहा फेकी मोजा आणि मधला आकडा धरा.

मग त्या वेगाचा वर्ग भागिले २० आणि अल्टिमीटरचा आकडा शेजारी शेजारी लिहा. गणित ४५ म्हणत असेल आणि अल्टिमीटर ३०, तर तिसरा हिस्सा वाटेत सांडला. तुमचं काम मॉडेलवर आणि चढावर आहे. गणितच ३६ म्हणत असेल आणि अल्टिमीटर ३०, तर मॉडेल बिचारं आपलं काम नीट करतंय. फेकच मंद आहे. शेपटीची वळवळ आणि डावीकडचा झोक पाहता तुमच्या बाबतीत पहिलं निघेल असं मला वाटतं. कदाचित दोन्ही थोडं थोडं. (अल्टिमीटरबद्दल एक सूचना: तो हवेचा दाब मोजतो, आणि एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे आठ मीटरहून थोडं अधिक. वेगात असताना फ्युजलाजच्या आतला दाब बदलतो, तेव्हा सुटतानाचे चढउतार सोडून द्या आणि माथ्यावर ग्लायडर मंदावल्यावरचा आकडा धरा.)

शेपटी का वळवळते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात इथेच गोंधळ असतो. हातात असताना ग्लायडर गोल फिरत असतो. वर घेतलेल्या आकड्यांनी सुटण्याच्या क्षणी तो सेकंदाला जवळपास तीन गिरक्यांच्या गतीने वळतो आहे. बोटं सुटली म्हणून हे वळणं आपोआप थांबत नाही. नाक डावीकडे फिरतच राहू पाहतं. ते थांबवणारी एकच गोष्ट मॉडेलवर आहे, ती म्हणजे शेपटीवरचा उभा फिन. शिवाय त्या क्षणी बाहेरच्या पंखाचं टोक सेकंदाला ४० मीटरच्या वर आणि तुमच्या हाताजवळचं टोक १६ च्या आसपास जात असतं. बाहेरचा पंख जास्त उचलला जातो आणि मॉडेल डावीकडे कलतं. उजव्या हाताने फेकणाऱ्या प्रत्येकाचा ग्लायडर सुटताना डावीकडे जाऊ पाहतोच. तुमचा काही वेगळा नाही. प्रश्न एवढाच की तो किती लवकर सावरतो. चांगल्या अवस्थेतल्या मॉडेलची शेपटी एकदा झोका घेते, अर्ध्यावर परत येते आणि स्थिर होते. पहिल्या अर्ध्या सेकंदात ग्लायडर तेरा-चौदा मीटर कापतो, आणि हवेचा विरोध सगळ्यात जास्त असतो तोही याच काळात. तेवढ्यात शेपटी तीन-चारदा हलली तर फ्युजलाज दर वेळी आडवं होऊन हवा अडवतं. तुमची उंची इथे जाते.

तेव्हा खांद्याच्या सुट्टीत मॉडेल टेबलावर घ्या. एका हाताने फ्युजलाज पंखाच्या मागे घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने फिनचं टोक बाजूला ढकला. बूम, म्हणजे शेपटीकडे जाणारी बारीक नळी, थोडी वाकेल, हरकत नाही. पण बूम पिळली जात असेल, किंवा फिन बुडाशी आधी हलत असेल आणि बूम नंतर, तर चोर सापडला. फिन जिथे बूमला चिकटवला आहे ती कड उजेडात धरा आणि नखाने हलकं दाबून बघा. पुष्कळदा तिथे केसाएवढी चीर असते. फिन सरळ असताना ती दिसत नाही, दाबल्यावर गोंदाची पांढुरकी रेघ उघडते आणि सोडल्यावर पुन्हा मिटते. त्या चिरेचा फिन फेकीच्या जोरात काही अंश वाकडा होतो, वर जाऊन पुन्हा सरळ होतो, आणि खाली आल्यावर तुम्हाला सगळं ठीकठाक वाटतं. जुना गोंद खरवडून काढा आणि फिन फ्युजलाजच्या रेषेत, पंखाला काटकोनात ठेवून नीट चिकटवा. मागून लांबून बघून खात्री करून घ्या. चिरेत वरून नुसता पातळ गोंद सोडून काम भागवू नका.

मग रडर (फिनवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा हलता भाग) आणि एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा). तुमच्या मॉडेलमध्ये ते एका बाजूला दोरा आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग अशा रचनेने चालत असतील, तर रिसीव्हर चालू करून पृष्ठभाग बोटाने स्प्रिंगच्या विरुद्ध दाबा. अगदी हलक्या बोटाने तो ढळत असेल तर सोळापट विरोधात तो जागेवर राहणार नाही हे उघड आहे. स्प्रिंग बदला. कडक रॉडची जोडणी असेल तर सर्व्होच्या (हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरमधला आणि हॉर्नच्या (रॉड जोडायच्या छोट्या दांडीच्या) भोकातला खुळखुळा तपासा. पंखांचे बोल्ट घट्ट आहेत का, पंख बोल्टवर किंचितही फिरतो का, तेही बघा. आणि पेग, म्हणजे पंखाच्या टोकाची, बोटांनी धरून फेकायची खुंटी. पेगच्या बुडाशी भेग असेल तर ते मॉडेल उचलूही नका. तो तुटला की काय होतं हे मी वर सांगितलेल्या १५ किलोच्या ओढीवरून तुम्ही समजून घ्याल.

इतकं झाल्यावर ट्रान्समीटरकडे वळू. लाँचसाठी, म्हणजे फेकीसाठी, वेगळा फ्लाइट मोड (हलत्या भागांच्या जागांची साठवलेली मांडणी) ठेवला आहे ना? तुम्ही उजव्या हाताने फेकता, म्हणजे ट्रान्समीटर डाव्या हातात; तेव्हा डाव्या बोटाला लागेल असा, सोडला की परत येणारा स्विच हवा. तो दाबून ठेवायचा, फेकायचं, मॉडेल वर वळलं की सोडायचा. या मोडमध्ये पंखाची मागची कड एक-दीड मिलिमीटर वर, आणि एलिव्हेटरही थोडा वर, एक-दोन मिलिमीटरपासून सुरुवात करा. मॉडेल बनवणाऱ्याने आकडे दिले असतील तर ते आधी. एलिव्हेटर फार दिला की ग्लायडर सुटताच करकचून वर वळतो आणि त्या वळणात वेग खर्ची पडतो, कधी तर पाठीवर जायला बघतो. फार कमी दिला की तो तिरका, लांबचा रस्ता धरतो. ४५ अंशांच्या चढाने ४० मीटर उंची गाठायला ५७ मीटर हवा कापावी लागते, ७० अंशांनी गेलात तर ४३. मी स्वतः ७० च्या आसपासचा चढ पसंत करतो. सुटताना थोडा वरचा कोन, आणि मग मोठं, सावकाश वळण घेत उभं होणं. व्हिडिओत ही कमान बघा आणि एलिव्हेटर अर्ध्या मिलिमीटरने कमीजास्त करत जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

इथे एक खाचखळगा आहे. मॉडेलचं नाक जड असेल तर त्याला तरंगत ठेवण्यासाठी एलिव्हेटर आधीच कायमचा थोडा वर ठेवलेला, म्हणजे ट्रिम केलेला असतो, आणि लाँचच्या वेगात तो ट्रिम चौपट-पाचपट नव्हे, त्याहून कितीतरी जास्त जोराने काम करतो. मग लाँच मोडमध्ये कितीही खटपट केली तरी मॉडेल वर ओढतच राहतं. म्हणून आधी डाइव्ह टेस्ट करा. बऱ्यापैकी उंचीवर, नाक ३०-४० अंश खाली करून स्टिक मोकळी सोडा. सावकाश वर येत असेल तर सीजी (गुरुत्वमध्य) ठीक. झटकन वर उसळलं तर नाक जड, नाकातलं थोडं वजन कमी करा. आणखी खाली घुसायला लागलं तर सीजी फार मागे गेला आहे. लगेच सावरून उतरवा.

डावीकडच्या झोकासाठी काही जण लाँच मोडमध्ये रडरला किंचित उजवा कल देऊन ठेवतात. उपयोग होतो, मी नाकारत नाही. पण फिन ढिला असताना किंवा हात चुकत असताना तसं केलंत तर एक दोष दुसऱ्या दोषाखाली झाकला जाईल. ते सगळ्यात शेवटी करा, गरज उरलीच तर.

माथ्यावर काय करता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बरेच जण तिथेही काही मीटर घालवतात. ग्लायडर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली की तो शेपटीवर घसरतो किंवा नाक टाकतो, आणि पुन्हा वेग धरायला उंची मोजावी लागते. सेकंदाला सात मीटर वेग उरलेला असतानाच एलिव्हेटर खाली देऊन नाक आडवं करा. तेवढ्या वेगाची किंमत अवघी अडीच मीटर उंची आहे, आणि आडवं झाल्यावर तो वेग तरंगायला लगेच कामी येतो.

आता फेक. जिमचा उपयोग होईल, पण पाय आणि कंबर कमावली असेल तर. तुमचा हात इथे गोफणीच्या दोरीचं काम करतो. दोरी स्वतः दगड फेकत नाही, ती फक्त लांब आणि ताणलेली राहते. फिरवणारी शक्ती जमिनीकडून पायात, पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यांत आणि सगळ्यात शेवटी हातात यायला हवी. थाळीफेक बघा: कमर आधी वळते, छाती तिच्या मागून, आणि हात कितीतरी मागे रेंगाळत येतो. हे मागे रेंगाळणंच तुम्हाला हवं आहे. ‘जोर वाढवला’ असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला डोळ्यांसमोर दिसलं ते हे की हात खांद्याच्या पुढे धावतोय, कोपर वाकतंय आणि कमर मागे राहतेय. असं झालं की सगळा भार खांद्यावर पडतो. दुखणंही मला त्यातलंच वाटतं.

कोपर वाकण्याचा दुसराही तोटा आहे. सुटायच्या क्षणी हात आत ओढला गेला की वर्तुळ लहान होतं, मॉडेल अधिक जोराने वळायला लागतं आणि नाक आणखी डावीकडे जातं. तुमच्या वळवळीला हेही कारण असू शकतं. समोरून काढलेला व्हिडिओ यासाठी उत्तम, अर्थात मोबाइल स्टँडवर आणि समोर कुणीही नसताना. सुटण्याच्या फ्रेममध्ये खांदा, कोपर, मनगट आणि पंख एका रेषेत दिसले पाहिजेत.

पावलांबद्दल: वाऱ्याकडे तोंड करून दोन-चार सावकाश पावलं, मग डाव्या पायावर वळत गिरकी, उजवा पाय टेकतो, आणि शेवटी डावा पाय पुढे येऊन रोवला जातो. डावा पाय रोवला की शरीराचा डावा अर्धा भाग थांबतो आणि उजवा अर्धा, हात आणि ग्लायडरसकट, पुढे झेपावतो. तुमचा डावा पाय रोवायच्या आधीच ग्लायडर सुटत असेल, किंवा रोवल्यावर पाय घसरत असेल, तर कमावलेला वेग तिथेच जातो. चांगली पकड असलेले बूट घाला आणि कोरडी, सपाट जागा बघा. गिरकीची सुरुवात मुद्दाम मंद ठेवा. बहुतेकांना सुरुवातीलाच घाई होते, आणि शेवटच्या पाव गिरकीत, जिथे वेग वाढायला हवा, तिथे वाढवायला काही उरत नाही. वर्तुळही थोडं तिरपं हवं: ग्लायडर पाठीमागून येताना खाली आणि समोर जाताना वर, म्हणजे उजव्या बाजूने सुटताना तो आपोआप वर निघालेला असेल. पाठीमागे फार खाली नेलंत तर पंखाचं टोक जमिनीला लागेल, हे लक्षात ठेवा.

बोटांची पकड. पेग पहिल्या दोन बोटांच्या पहिल्या पेऱ्यात असावा. अगदी टोकावर धरलात तर लवकर निसटतो, आत खोल धरलात किंवा अंगठ्याने आवळलात तर उशिरा सुटतो. तुम्ही उजव्या हाताचे असल्यामुळे ग्लायडर लक्ष्याच्या उजवीकडे गेला तर लवकर सुटला, डावीकडे गेला तर उशिरा. तेव्हा प्रत्येक फेकीनंतर उंचीबरोबर दिशाही लिहून ठेवा. माझी खात्री आहे की तुमच्या २८ च्या फेकी बऱ्याचशा डावीकडच्या निघतील. मुद्दाम बोटं उघडायला जाऊ नका, त्यात नेहमी उशीर होतो. समोर क्षितिजाच्या थोडं वर एक ठिकाण ठरवा, नजर तिथे आली की हात आपोआप मोकळा होतो. घामाने बोटं घसरत असतील तर त्यावर कापडी टेप गुंडाळा.

वाऱ्याची नोंदही विसरू नका. सेकंदाला चार मीटर वारा समोरून असेल तर ३० ची फेक हवेच्या हिशेबात ३४ ची होते आणि अल्टिमीटर तुम्हाला फुकटात खूश करतो. शांत संध्याकाळचे ३५ आणि वाऱ्यातले ४० यांत पहिली फेक सरस असू शकते. तुमच्या मैत्रिणीचे ५० कुठल्या हवेतले, हेही तिला विचारा. त्याहून बरं, तिची फेक स्लो मोशनमध्ये टिपायची परवानगी मागा आणि तिची कमर आणि हात यांतलं अंतर बघा.

सराव पुन्हा सुरू कराल तेव्हा अंग चांगलं गरम करा आणि सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच जोराने फेका. निम्म्या जोरात ग्लायडर सरळ, वळवळ न करता, दर वेळी त्याच दिशेने गेला पाहिजे. तसा जाईपर्यंत जोर वाढवू नका. नंतर पूर्ण जोराच्या फेकी घ्याल तेव्हा त्या थोड्याच, मध्ये विश्रांती घेऊन. उंची लागोपाठ उतरायला लागली की अंग थकलं आहे. त्या दिवशी तिथेच थांबायचं, मग मन कितीही ‘अजून एक’ म्हणो.

दोन गिरक्यांचा विचार सोडा. वेग शेवटच्या अर्ध्या-पाऊण गिरकीतच बनतो. एकच गिरकी अजून बसलेली नसताना दुसरी घेतली तर फक्त तोल जाईल आणि सुटायची दिशा आणखी बिघडेल. एक गिरकी पक्की झाली की अर्धी वाढवून बघा, तेही व्हिडिओवर वेग वाढलेला दिसला तरच ठेवा.

आणि हलकं मॉडेल. स्पर्धेच्या नियमात पंख कमाल १५०० मिलिमीटर आणि वजन कमाल ६०० ग्रॅम आहे, म्हणजे तुमचं २७० ग्रॅमचं मॉडेल काही जड म्हणता येणार नाही. २३० चं घेतलंत तर हातातून थोडं जास्त वेगाने सुटेल खरं, पण हलक्या मॉडेलला हवा लवकर अडवते, त्यामुळे मिळालेलं बरंचसं परत जातं. हलकेपणाचा खरा फायदा तरंगताना होतो, मंद थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) होतो. त्यासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण लाँचची उंची वाढावी म्हणून घेऊ नका. आत्ता खर्च करायचाच असेल तर खुळखुळे सर्व्हो बदला आणि पेग नवीन बसवून घ्या.

फिनची चीर सापडली की नाही ते कळवा. आणि पुन्हा लिहाल तेव्हा प्रत्येक फेकीचे चार आकडे पाठवा: दोन लांब्यांना लागलेल्या फ्रेम, अल्टिमीटरची उंची, वारा, आणि ग्लायडर लक्ष्याच्या किती डावीकडे किंवा उजवीकडे गेला. सोबत मॉडेलची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबीही लिहा, म्हणजे वेग मला काढता येईल.